'कळवतो' म्हणाले, आता पुढे? ठेक्यावरच्या कामाची मुलाखत देऊन आलेल्यांसाठी

मे महिना, दुपारचे अडीच. प्लांटच्या गेटबाहेर पत्र्याची केबिन, आत एक कूलर, तोही नुसता आवाज करणारा. टेबलाच्या पलीकडे दोघं. एक ठेकेदाराचा साइट इन्चार्ज, दुसरे प्लांटचे इंजिनिअर साहेब. साहेबांनी तापमान मोजणाऱ्या सेन्सरबद्दल विचारलं, "पीटी-100 चा शून्य अंशाला रेझिस्टन्स किती?" म्हटलं, 100 ओहम. "आणि 100 अंशाला?" म्हटलं, साडे-अडतीस जास्त, 138.5. साहेबांनी मान हलवली. इन्चार्जने वहीत माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली, ती मी समोरून उलटी वाचली. "ठीक आहे भाऊ, कळवतो."

त्यानंतर 47 दिवस कोणी काही कळवलं नाही.

मी अमळनेर तालुक्यातला, आयटीआय इन्स्ट्रूमेंट मेकॅनिक. नऊ वर्षांत पाच ठेकेदारांकडे काम केलं. भुसावळ, नरडाणा, जळगाव एमआयडीसी, शटडाउनच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवण्याच्या सीझनला सुरतेपलीकडे हजिरा. दरवेळी मुलाखत, दरवेळी 'कळवतो', दरवेळी वाट बघणं. पहिल्या वेळी मी एवढा कासावीस झालो होतो की रोज सकाळी इन्चार्जला फोन करायचो. पाचव्या दिवशी त्याने उचलणं बंद केलं. गावात पारावर बसलेला प्रत्येक माणूस विचारायचा, "काय व्हयनं रे तुन्हं?" (तुझं काय झालं?) आणि मी तोच प्रश्न जसाच्या तसा पुढे इन्चार्जला विचारायचो.

तो प्रश्नच चुकीचा होता, हे कळायला मला दोन ठेकेदार लागले. ठेक्याच्या कामात तुम्हाला घ्यायचं की नाही हे बहुतेक वेळा केबिनमध्येच ठरून जातं. नंतर जे लांबतं ते ठेकेदाराच्या स्वतःच्या कागदांमुळे. तो कागद कुठे अडकलाय हे विचारता आलं, तर निम्मी घालमेल कमी होते. नव्याने ठेक्यावर कामाला लागणाऱ्या पोरांसाठी हे क्रमाने लिहितोय. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, लॅब असिस्टंट, कॉम्प्युटर ऑपरेटर, बहुतेकांना लागू पडेल.

1. खुर्चीवरून उठण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या

मुलाखत संपली की आपण 'थँक्यू सर' म्हणून पळतो. थांबा. हे चार प्रश्न विचारा, कोणी रागावत नाही:

- वर्क ऑर्डर (ठेकेदाराला काम दिल्याचा कंपनीचा लेखी आदेश) हातात आहे की यायची आहे?
- काम किती दिवसांचं? शटडाउन आहे की वर्षाचं?
- जुनी माणसं ठेवणार आहात की सगळी नवी?
- फोन कोण करेल आणि कुठल्या नंबरवरून?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. प्लांटमध्ये ठेकेदार बदलतो, पण माणसं बहुधा तीच राहतात. ज्यांना मशीन माहीत आहे त्यांना काढून नवे आणायला इंजिनिअर साहेबही तयार नसतात. मग मुलाखती कशाला? कोणी सोडून गेलं तर हाताशी नावं असावीत म्हणून. 'जुनी ठेवणार' असं उत्तर आलं तर समजा की तुम्ही रांगेत आहात, आणि कोणीतरी गळेपर्यंत फोन यायचा नाही. वाईट वाटतं, पण दीड महिना आशेवर बसण्यापेक्षा बरं.

घरी आल्यावर पहिलं काम: वहीत तारीख, इन्चार्जचं नाव, प्लांटचं नाव, कुठल्या पोस्टसाठी आणि काय पगार बोलले ते लिहून ठेवा. तीन ठिकाणी मुलाखती दिल्या की कोण काय बोललं याची खिचडी होते.

2. काम कुठल्या जातीचं आहे ते ओळखा

वाट किती बघायची हे यावर ठरतं.

शटडाउन किंवा ओव्हरहॉलचं काम असेल तर सगळं झटपट. बॉयलर बंद व्हायची तारीख ठरलेली असते, एक दिवस उशीर म्हणजे नुकसान. आज मुलाखत, परवा बॅग भरून या, असा प्रकार. मला एकदा संध्याकाळी सहाला फोन आला आणि रात्रीच सुरतेकडे जाणारी गाडी पकडायला सांगितलं. शटडाउनवाल्यांनी आठ दिवसांत फोन केला नाही तर ती जागा भरली, असं धरून चाला.

वर्षाच्या देखभालीचं काम वेगळं. त्याला निविदा, मंजुरी, सह्या, सगळा पसारा असतो. महिना-दोन महिने जाणं यात काही विशेष नाही. माझे 47 दिवस याच जातीचे होते.

तिसरी जात सरकारी कंत्राटी पदांची, म्हणजे आरोग्य अभियान, जिल्हा परिषद वगैरे. तिथे फोनची वाट बघूच नका. पात्र-अपात्र यादी लागते, हरकतींना मुदत देतात, मग गुणवत्ता यादी आणि प्रतीक्षा यादी. सगळं जिल्ह्याच्या किंवा जिल्हा परिषदेच्या वेबसाइटवर आणि नोटीस बोर्डावर. दर दोन-तीन दिवसांनी बघायचं. हरकतीची मुदत दोन-चार दिवसांचीच असू शकते. ती चुकली की अनुभवाचे गुण कमी धरलेत हे नंतर ओरडून उपयोग नाही. आदेशात रुजू होण्याची तारीख असते, ती गेली की नंबर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला. आणि हो, मध्येच निवडणुकीची आचारसंहिता लागली तर सगळं गुंडाळून ठेवलं जातं, त्यात तुमचा काही दोष नाही.

यापुढचं मुख्यतः दुसऱ्या जातीबद्दल, कारण सगळ्यात जास्त जीव तिथेच टांगणीला लागतो.

3. कागद कुठे अडकतो ते समजून घ्या

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पुढे एका ठेकेदाराकडे वर्षभर काम करताना त्याच्या ऑफिसात बसून बघितलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

कंपनी निविदा काढते. ठेकेदार आधी तांत्रिक कागद भरतात, त्यात 'आमच्याकडे अशी अशी माणसं आहेत' म्हणून बायोडेटे जोडतात. मग दर उघडतात. ज्याचा दर सगळ्यात कमी तो एल-वन. एल-वन आला म्हणजे काम मिळालं असं नाही. अजून भाव कमी करायला बोलावतात. मग एक पत्र निघतं, की काम तुम्हाला द्यायचं ठरलं आहे. त्यानंतर खरी वर्क ऑर्डर. त्यानंतर ठेकेदाराने अनामत भरायची, कामगारांचा विमा काढायचा, लायसन लागत असेल तर ते काढायचं, माणसांची यादी इंजिनिअरकडून मंजूर करून घ्यायची. आणि मग गेटपास.

आता बघा, या साखळीत तुमची मुलाखत कुठेही बसू शकते. काही ठेकेदार वर्क ऑर्डर हातात आल्यावर मुलाखत घेतात. ते सरळ. पण बरेच जण निविदा भरायच्या आधीच घेतात, कारण त्यांना जोडायला बायोडेटे हवे असतात. म्हणजे ज्या कामासाठी तुम्ही नवा शर्ट घालून गेलात ते काम त्या ठेकेदाराला अजून मिळालेलंच नसतं. मिळेलच असंही नाही.

माझ्या 47 दिवसांचं कारण असं निघालं: वर्क ऑर्डरवर सही करणारे मोठे साहेब बदलून गेले आणि नवे यायला महिना लागला. मी त्या काळात 138.5 चं उत्तर चुकलं की काय म्हणून तक्ता काढून पुन्हा पुन्हा तपासत बसलो होतो.

इथे एक मोठा सापळा आहे, त्यात मी पडलोय. एकाच कामासाठी दोन ठेकेदार निविदा भरत होते. मी हुशारी केली आणि दोघांकडे बायोडेटा दिला, कोणालाही मिळो, मी आहेच. दोघांनीही जोडला. इंजिनिअर साहेबांच्या टेबलावर एकच फोटो दोन फायलींत गेला. साहेब म्हणाले, हा नक्की कोणाचा माणूस? दोन्ही ठेकेदारांनी अंग काढून घेतलं आणि माझं नाव दोन्हीकडून उडालं. तेव्हा वेगवेगळ्या कामांसाठी दहा ठिकाणी द्या, पण एका कामासाठी एकच ठेकेदार. दुसऱ्याने विचारलं तर सरळ सांगा, 'साहेब, या कामासाठी माझं नाव आधीच गेलंय.' त्याला उलट तुमच्याबद्दल बरं वाटेल.

4. फोन कधी करायचा आणि काय बोलायचं

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी एक व्हॉट्सअॅप मेसेज टाका. लांबलचक नको. मी हा टाकतो:

"नमस्कार साहेब. काल 12 तारखेला इन्स्ट्रूमेंट टेक्निशियनसाठी भेटलो होतो, अमळनेरचा. कागदपत्रं तयार आहेत. बोलावल्यावर तीन दिवसांत हजर होऊ शकतो. दुसरा नंबर घरचा आहे, सोबत देतोय."

तारीख, पोस्ट, गाव. इन्चार्जच्या फोनमध्ये पन्नास पोरं असतात, नुसत्या नावावरून त्याला काही आठवत नाही. त्यात आपल्याकडे 'पाटील' म्हटलं की निम्मी यादी हात वर करते.

त्यानंतर आठ-दहा दिवस गप्प. मग एक फोन, सकाळी अकरा ते साडेबारा या वेळात. सकाळी आठ-नऊला परमिट (त्या दिवशीच्या कामाची लेखी परवानगी) आणि कामाची वाटणी चालू असते, तेव्हा फोन केला तर शिवी खाल. आणि विचारायचं असं:

"साहेब, वर्क ऑर्डर निघाली का?"

'माझं काय झालं' असं विचारू नका. त्याला माणूस 'बघतो, कळवतो' एवढंच म्हणू शकतो. वर्क ऑर्डरबद्दल विचारलं की ठरावीक उत्तर येतं: निघाली, निघायची आहे, रेटवर अडलंय, पंधरा दिवस लागतील. त्या उत्तरावर पुढची तारीख ठरवा. 'पंधरा दिवस' म्हणाले तर सोळाव्या दिवशी करा, पाचव्या नाही.

दोनदा नीट उत्तर मिळालं नाही, तिसऱ्यांदा फोन उचलला नाही, तर वहीत त्या नावावर रेघ मारा आणि पुढच्याकडे वळा. रेघ मारलेल्यांकडून नंतर फोन आलेलेही आहेत. पण ती वरकमाई समजा.

थेट इंजिनिअर साहेबांना फोन करण्याचा मोह होतो. करू नका. साहेब ठेकेदाराला म्हणतात, 'तुझी माणसं मला फोन का करतात?' आणि तिथे विषय संपतो. ओळखीतून चिठ्ठी-चपाटी लावायचीच असेल तर आत काम करणाऱ्या एखाद्या जुन्या कामगाराकडून एवढंच विचारून घ्या की नवी माणसं घेताहेत का. खरी बातमी त्यालाच असते.

5. फोन आपल्याकडेच ठेवा

किरकोळ वाटतं, पण माझं एक काम यात गेलं. कापूस वेचणीचे दिवस होते. मी शेतात मोटरचं स्टार्टर उघडून बसलो होतो, फोन घरी चार्जिंगला. आईने उचलला. पलीकडून कोणीतरी साइटवरून बोलत होतं. आई म्हणाली, "तो शेतात गेला हो, संध्याकाळी येईन." पलीकडच्याने 'बरं' म्हणून ठेवून दिला आणि यादीतल्या पुढच्या नावाला लावला. संध्याकाळी मी त्या नंबरवर लावला तर तो ऑफिसचा बोर्ड नंबर, नुसती रिंग वाजत राहिली.

आता घरात सगळ्यांना पढवून ठेवलंय: कोण बोलतंय ते विचारा, नंबर लिहून घ्या, आणि 'एका तासात करेल' एवढं सांगा. अनोळखी नंबर कट करायचा नाही. रिचार्ज संपू द्यायचा नाही. आणि वाट बघण्याच्या काळात सिम बदलायचं तर अजिबात नाही, कारण आधार, बँक, पीएफ सगळ्याचे ओटीपी त्याच नंबरवर येतात.

6. तोवर फाइल तयार करा

फोन आल्यावर 'उद्या कागद घेऊन या' म्हणतात. उद्या म्हणजे उद्याच. तेव्हा झेरॉक्सच्या दुकानात धावण्यापेक्षा आताच एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये भरा:

- आधार आणि पॅन, दोन्ही एकमेकांना जोडलेले
- बँक पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला चेक
- दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला
- आयटीआय किंवा डिप्लोमाची मार्कशीट आणि प्रमाणपत्र, अप्रेंटिस केलं असेल तर त्याचंही
- वायरमन, वेल्डर असा काही परवाना किंवा टेस्ट सर्टिफिकेट
- आधीच्या ठेकेदाराचं अनुभव प्रमाणपत्र. नसेल तर जुना गेटपास आणि पगाराच्या स्लिपा
- पीएफचा 12 आकडी यूएएन आणि ईएसआयसीचा 10 आकडी विमा क्रमांक
- पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला
- नॉमिनीचं आधार, घरच्यांचा एकत्र फोटो
- स्वतःचे पासपोर्ट फोटो, निदान दहा

यातल्या तीन गोष्टी वेळ खातात, त्या आधी घ्या.

पहिली, नावातला फरक. माझ्या दाखल्यावर वडिलांचं नाव 'आनंदा', आधारवर 'आनंदराव'. पीएफच्या कॉम्प्युटरला हे दोन वेगळे आप्पा वाटतात. जन्मतारखेत एक दिवसाचा फरक असला तरी तीच रड. आधारवर दुरुस्ती करून घ्या, रिकामे दिवस त्यासाठीच आहेत.

दुसरी, यूएएन. तो जन्मभर एकच असतो. ठेकेदार बदलला की त्याच यूएएनखाली नवा मेंबर नंबर मिळतो. बरेच जण 'जुना आठवत नाही' म्हणून नवा काढायला सांगतात आणि मग दोन यूएएनचे पैसे एकत्र करताना वर्ष घालवतात. जुन्या ठेकेदाराने तुमची सोडल्याची तारीख टाकली आहे का तेही बघा. त्याने टाकली नसेल, तर शेवटची वर्गणी जमा झाल्याला दोन महिने झाल्यावर पीएफच्या पोर्टलवर 'मार्क एक्झिट' मधून तुम्ही स्वतः टाकू शकता. त्यासाठी जुन्या ठेकेदाराच्या पाया पडायची गरज नाही. अगदीच पहिली नोकरी असेल तर यूएएन आता उमंग अॅपमध्ये चेहरा दाखवून निघतो.

तिसरी, चारित्र्य पडताळणी. अर्ज ऑनलाइन होतो, पण पुढे तुमच्या पोलीस ठाण्यातून बोलावतात आणि तिथे बंदोबस्त, सण, सभा यात दिवस जातात. गणपतीत अर्ज केला तर विसर्जनानंतरच काय ते. दाखला जुना झाला तर काही प्लांट घेत नाहीत, म्हणून फार आधीही काढू नका. वर्क ऑर्डर 'निघायची आहे' असं उत्तर आलं की अर्ज टाकायचा.

आणि काहीही झालं तरी मूळ प्रमाणपत्रं कोणाच्या ताब्यात देऊ नका. 'पडताळणीसाठी ठेवून जा' म्हणणारे भेटतात. मूळ दाखवायचं, झेरॉक्स द्यायची, मूळ परत फोल्डरमध्ये. माझ्या एका सोबत्याची मूळ मार्कशीट ठेकेदाराच्या कपाटात दोन वर्षं होती. त्याला दुसरीकडे चांगलं काम मिळालं, पण मार्कशीट काही मिळेना.

7. हातचं सोडू नका

तोंडी 'झालं तुझं, ये' यावर राजीनामा देणारे मी तीन-चार पाहिलेत. त्यातले दोन नंतर सहा महिने घरी. आधीच्या ठेकेदाराला सोडायचं तर नव्याकडून लेखी काहीतरी हातात येऊ द्या, निदान व्हॉट्सअॅपवर रुजू होण्याची तारीख. मुलाखतीतच सांगून टाका की आधीच्या ठिकाणी पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. ज्याला माणूस खरंच हवा असतो तो थांबतो.

घरी बसून असाल तर हात चालू ठेवा. आपल्या भागात हातात पकड-पाना असलेल्याला काम नाही असं होत नाही. मोटर रिवाइंडिंग आहे, ठिबकची फिटिंग आहे, सोलर कृषिपंप बसवणारे तर रोजावर माणसं शोधतच असतात. मी एका उन्हाळ्यात असे पंप बसवत फिरलो. पैसे बेताचे, पण पुढच्या मुलाखतीत 'मधले चार महिने काय करत होतास?' याला उत्तर तयार होतं.

8. पैसे मागितले तर

काम देण्यासाठी पैसे मागणारा, मग तो त्याला 'डिपॉझिट' म्हणो, 'गेटपासचा खर्च' म्हणो की 'साहेबांचं बघावं लागतं' म्हणो, त्याच्यापासून लांब राहा. हेल्मेट, बूट, बेल्ट ही सुरक्षेची साधनं देणं मालकाकडचं काम आहे, त्याचे आगाऊ पैसे द्यायचे नाहीत.

हल्ली एक नवीन प्रकार निघालाय. तुम्ही मुलाखत देऊन आलाय हे कुठून तरी कळतं, आणि मोठ्या कंपनीचा शिक्का मारलेलं 'ऑफर लेटर' व्हॉट्सअॅपवर येतं. सोबत क्यूआर कोड, मेडिकलचे दीड-दोन हजार भरा. वाट बघून जीव मेटाकुटीला आलेला माणूस भरतो. अशा वेळी एकच करायचं: मुलाखतीत जो इन्चार्ज भेटला त्याच्या नंबरवर फोन करून विचारायचं. पत्रातल्या नंबरवर नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा, पहिल्या काही तासांत केली तर पैसे गोठवता येण्याची शक्यता असते.

9. होकार आला की आनंदात 'हो साहेब' म्हणू नका

म्हणजे म्हणा, पण त्याआधी पगार उलगडून घ्या. 'अठरा हजार' हा आकडा कोणता, एकूण की हातात? समजा एकूण 18,000 आणि त्यातले मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 15,000. तर:

पीएफ 12 टक्के, 1,800. ईएसआयसी 0.75 टक्के, 135. व्यवसाय कर 200, फेब्रुवारीत 300. हातात 15,865. महिलांना 25,000 पर्यंत व्यवसाय कर नाही. ईएसआयसी 21,000 पर्यंतच्या पगारालाच लागते.

आता काही ठेकेदार मालकाच्या वाट्याचा पीएफही 'अठरा'मध्येच धरतात. मग हातात आणखी कमी. म्हणून सरळ विचारा, "बँकेत किती जमा होईल, आणि 26 दिवसांचे की 30?" खोलीचं भाडं कोणाचं, जेवणाचं काय, रविवार भरपगारी की नाही, बारा तास थांबवलं तर जादा चार तास दुप्पट दराने धरणार का, हेही त्याच फोनवर.

आणखी एक बारीक गोष्ट: तुमची नोंद कुशल म्हणून होणार की अर्धकुशल? आयटीआय केलेल्याला अर्धकुशलमध्ये टाकलं की किमान वेतनच खाली येतं, आणि ते नंतर बदलून घेणं फार जिकिरीचं. मी पहिल्या ठेकेदाराकडे दोन वर्षं अर्धकुशल होतो. कुठेतरी लिहिलेलं असतं हेच मला माहीत नव्हतं.

नेमणूकपत्र मागा. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीने तो द्यायचा, ही तरतूद 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती, नव्या संहितेतही आहे. पण त्यासाठी तुम्ही तिथे काम करत होतात याचा कागद हवा. पत्र, गेटपास, हजेरी कार्डाचा फोटो, काहीही.

10. मेडिकल आणि गेटपास

होकार आला तरी गेटच्या आत पाऊल पडेपर्यंत काम मिळालं असं धरू नका. मेडिकलला ते सांगतील त्याच डॉक्टरकडे जायचं. उंचीवर काम असेल तर बीपी, डोळे, चक्कर येते का हे बघतात.

आपल्याकडच्या उन्हाचं मात्र ध्यानात ठेवा. मी मे महिन्यात साठ किलोमीटर मोटरसायकल हाणत मेडिकलला पोचलो, रस्त्यात दोन कडक चहा. बीपी 160 वर 100. डॉक्टर म्हणाले, 'अनफिट लिहू का?' माझं तोंड बघून त्यांना दया आली असावी. म्हणाले, जा, त्या निंबाखाली बस अर्धा तास, पाणी पी, फोन बघू नको. अर्ध्या तासाने 134 वर 86. तेव्हापासून मी मेडिकलला आदल्या दिवशीच मुक्कामाला जातो, नाहीतर पहाटेच्या एसटीने.

पुढे सेफ्टीचं ट्रेनिंग, त्यावर एक छोटी परीक्षा, मग गेटपास. फोटोवर शिक्का मारून पास हातात दिला की सगळे आधी फोटो बघतात. तुम्ही खालची तारीख बघा. ठेका ज्या दिवशी संपतो त्याच दिवशी पास संपतो, आणि त्याच्या महिनाभर आधी पुढची निविदा निघालेली असते. ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहा, आणि पहिल्या महिन्याचा पगार झाला की पीएफ पासबुकात एंट्री पडली का तेही तपासा.

माझ्या आताच्या पासवर 31 मार्च आहे. फेब्रुवारी लागला की सकाळी अकरा वाजता इन्चार्जला फोन करायचा आहे: साहेब, वर्क ऑर्डर निघाली का?